घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका

उन्हाळ्यात परभणीच्या आमच्या शाळेत एखाद्या पोराचा घोळणा फुटला की कुणी त्याची मान मागे करतं, कुणी त्याला कांदा हुंगवायला धावतं. मी आधी त्याला बाकावर बसवते आणि मान किंचित पुढे वाकवते. मान मागे गेली की रक्त घशातून पोटात उतरतं, मग उलटी होते.

नाकाचा खालचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरायचा, वरचं हाड नव्हे. श्वास तोंडाने. घड्याळ बघून 10 मिनिटं, आणि मध्ये एकदाही सोडायचं नाही. "थांबलं का बघू" ही घाईच नडते. कारण तेवढ्या वेळात फुटलेल्या रक्तवाहिनीच्या उघड्या कडेला प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, चिकटत असतात, आकार बदलत असतात, रसायनं सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावत असतात. मग फायब्रिन या प्रथिनाचे धागे ती गुठळी पक्की करतात. बोट लवकर काढलं तर कोवळी गुठळी निघून येते. दिवसभर नाक शिंकरू नका, खपली तर मुळीच काढू नका.

20 मिनिटांनीही रक्त वाहतच असेल तर थेट दवाखाना. हिरड्यांतूनही रक्त येत असेल, अंगावर बारीक लाल ठिपके असतील तर सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या. प्लेटलेट्स एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख हव्यात.

घरातल्या आजोबांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी तेच सांगा, कारण त्या गोळीने प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.