संभाजीनगरात पहिला पगार पुरेल का, हे कसे तपासावे

नियुक्तीपत्रावरील वार्षिक आकड्याला बाराने भागून घरखर्च ठरवू नये. समजा, पॅकेज, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, 3 लाखांचे आणि मूळ वेतन दरमहा 12,500 रुपये आहे. तर भविष्य निर्वाह निधीतील तुमचा व कंपनीचा प्रत्येकी 12 टक्के वाटा, म्हणजे दोन्ही मिळून 3,000 रुपये, ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) सुमारे 600 आणि व्यवसाय कराचे 200 वजा जाता 25,000 पैकी 21,200 च्या आसपासच हाती पडतात. (25,000 पर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे.)

छत्रपती संभाजीनगरात खोली पाहताना भाड्याआधी पाण्याची चौकशी करावी: नळाला किती दिवसांआड पाणी येते, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि लागल्यास पैसे कोणी भरायचे. स्वस्त खोली बहुतेकदा येथेच महाग पडते. नोकरी वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत असेल, तर कंपनीची बस कोणत्या थांब्यावरून सुटते ते विचारून त्याच बाजूला राहावे. गावी पाठवायची रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळी काढावी. अनामत आणि पहिल्या महिन्याची खानावळ मात्र पगाराआधीच द्यावी लागते, तेव्हा तेवढ्या पैशांची सोय घरून निघतानाच करावी.