शंकरपटाच्या कथेत मानी बैल उभा करायचा तर खऱ्या घोड्यापासून सुरू करा

शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, कथा लिहायला बसलं की पहिल्याच पानावर बैल वाऱ्याशी शर्यत लावतो, त्याच्या डोळ्यात अंगार पेटतो, नं दुसऱ्या पानावर वाचणारा मोबाईल काढून बसतो. काहून? कारण तो बैल कोणाच्याच गोठ्यातला नसतो. म्हणून आधी एक खरं जनावर धरा, पण गावातलं नको राजेहो, गावातल्या जोडीवर लिहिलं तं तिचा मालक दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. लांबचं घ्या, घोडा घ्या. मी सेक्रेटेरियट घेईन.

अमेरिकेतला तांबडा घोडा, 1970 चा जन्म. 1973 मध्ये केंटकी डर्बी, प्रीकनेस नं बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच हंगामात मारल्या, त्याच्याआधी 25 वर्षं हे कोणत्याच घोड्याला जमलं नव्हतं. बेलमाँट तं 31 लांबीनं जिंकली, म्हणजे मधात 31 घोडे एकामागं एक उभे राहतील एवढं अंतर, दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदात. नं लिहिणारे इथंच फसतात, हे 31 उचलून सरळ आपल्या बैलाच्या नावावर टाकतात. अबे, पट काही सेकंदात सुटतो नं संपतो, तिथं 31 बैलांची रांग मावणार कुठं! आकडे तिकडंच राहू द्या, घोड्याची खोड उचला.

आता खोड कशी उचलायची ते पाहा. डर्बीत हा गडी सुरुवातीला सगळ्यांच्या मागं होता, पण सव्वा मैलाचे पाच तुकडे केले तं प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा कमी वेळात पळाला. म्हणजे घाईच नाही. आपल्या बैलाचं नाव समजा ढाण्या. झेंडी पडायच्या आधी बाकीच्या जोड्या नाचतात, आवरायला चार माणसं लागतात, आणि ढाण्या आपला रवंथ करत उभा. गर्व असा दाखवायचा, 'गर्विष्ठ' हा शब्द एकदाही न लिहिता.

त्याला हरवायचं पण हाय. डर्बीच्या दोन हप्ते आधी सेक्रेटेरियट एका शर्यतीत तिसरा आला होता, वरच्या ओठाच्या आत गळू झालं होतं. आपल्याकडं वेसण हाय नं! वेसणीखाली नाकात जखम, तिच्यावर माशी बसलेली, ढाण्या मान झटकत नाही, फक्त कासरा ताणला की उजवा कान मागं जातो. बस, एवढंच लिहा. हे मालकाला दिसू देऊ नका, रोज वैरण टाकणाऱ्या पोराला दिसू द्या.

पण खरी गंमत पुढं हाय, घोडा एकटा पळतो नं बैल जोडीत. ढाण्याच्या शेजारी गोमा, साधा बैल, मेहनती, जरासा मंद. ढाण्या आपल्याच तोऱ्यात पुढं निघाला की जू तिरपं होते, छकडा एका अंगाला ओढते, आणि धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कितीही हुशार असला तरी जोडी पटाच्या बाहेर जाते, म्हणजे ज्या मस्तीनं तो जिंकू शकतो त्याच मस्तीनं हरतो, नं हे फक्त बैलाच्या कथेतच होऊ शकते. कथेची गाठ इथं मारा, माझ्या मते बाकी सगळं कमी-जास्त झालं तरी चालते. गोम्याला मात्र बिचारा करू नका, तोही कधीतरी अडून बसला पाहिजे.

काळ निवडताना डोकं लावा. 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींवर सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्राला परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत बैलाची ऐन जवानी निघून जाते. पटाचा बैल वखराला जुंपलेला, तळेगाव दशासरच्या पटाच्या गोष्टी पारावर निघतात नं हा पराटीच्या (कपाशीच्या) तासात मान वर करून चालतो, याच्यावर तं आख्खी कथा निघते. आणि कथा परवानगीनंतरची असेल तं धुरकऱ्याच्या हातात काठी, चाबूक देऊ नका, नियमात बसत नाही, शिवाय मारून पळणारा बैल मानी कसला?

सेक्रेटेरियट मेल्यावर डॉक्टरनं सांगितलं का त्याचं हृदय नेहमीपेक्षा लय मोठं होतं. वाचायला भारी वाटते, पण 'वाघाचं काळीज' वगैरे पोळ्याला म्हणतात त्या झडतीच्या गाण्यासाठी ठेवा. बैलाच्या तोंडी संवाद तं अजिबात नको.

लिहून झालं की एखाद्या म्हाताऱ्या धुरकऱ्याला वाचून दाखवा. तो म्हणाला 'बैल असा करत नाही', तं ते वाक्य काढा. म्हणाला 'मालक असा नसते', तं राहू द्या.