सपाट नागपुरातून हिमालयाची तयारी: सॅक, जिना आणि उतार

स्वतःचं सामान पाठीवर घेऊन हिमालयात जायचं ठरलं की नागपुरातले बरेच जण फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठाने रोज पाच-सहा किलोमीटर चालायला लागतात. दम वाढायला ते चांगलंच आहे. पण वाटेत अनेकांचा घात करतो तो उतार, आणि ३१० मीटर उंचीवरच्या सपाट शहरात उताराचा सराव आपोआप होत नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचं आणि सॅकचं वजन पेलतो. अशा कामाने तंतू जास्त दुखावतात. ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतो, म्हणजे नेमका पुढच्या मुक्कामाच्या वाटेवर. घरी असतानाच स्नायूंना ही सवय लावली तर तोच उतार पुष्कळ कमी दुखवतो.

त्यासाठी पाच मजली इमारतीचा जिना पुरतो. खालून पाचव्या मजल्यापर्यंत साधारण १५ मीटर चढ होतो, म्हणजे २० फेऱ्यांत ३०० मीटर. हिमालयात दिवसाला ६०० ते ९०० मीटर नेहमीचे, हे ध्यानात ठेवा. उतरताना लिफ्ट घ्यायची नाही; खरा सराव तिथेच आहे. पाऊल अलगद टेकवायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा. धप्‌धप्‌ आवाज येत असेल तर वेग कमी करा.

वजनासाठी पाण्याच्या बाटल्या सर्वांत सोयीच्या, कारण १ लिटर म्हणजे १ किलो. सुरुवात ५ किलोने करा, दर आठवड्याला १ किलो वाढवा. चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, फेऱ्या निम्म्या करायच्या. अकराव्या आठवड्यात १३ किलो होतात. भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जड नको. तुमचं वजन ५० किलो असेल तर १२ वरच थांबा. जिना आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून.

रविवारी सेमिनरी हिल्स किंवा रामटेक. अंबाळा तलावाकडून गडावर जाणाऱ्या पायऱ्या उत्तम आहेत. पहिल्या एक-दोन खेपांना वर पोचल्यावर निम्मं पाणी झाडांना घाला आणि हलके होऊन उतरा. गुडघे कुरकुरले नाहीत तर पुढच्या वेळी पूर्ण वजनाने. शेवटची परीक्षा पचमढीत: चौरागडाच्या हजाराहून जास्त पायऱ्या, ज्या महाशिवरात्रीला भाविक त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात. यात्रेची गर्दी टाळून जा, आणि दुसऱ्या दिवशीही धूपगडाच्या बाजूला सॅक घेऊन चाला. थकल्या पायांनी चालणं हाच त्या दिवसाचा धडा. पेंच-ताडोबाचा विचार मात्र सोडा. व्याघ्र प्रकल्पात मनाला येईल तसं पायी शिरता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो. पहाटे ५ ला सुरू करून ७ च्या आत आटपा. ओआरएसचं अख्खं पाकीट १ लिटर पाण्यात घालायचं. अंदाजाने ग्लासात घातलं की प्रमाण बिघडतं. डोकं दुखून मळमळलं तर सराव तिथेच थांबवा. बोलण्यात गोंधळ दिसला तर अंगावर गार पाणी ओतत माणसाला दवाखान्यात न्या.

सॅक ५० ते ६० लिटरची पुरे. घेताना तुमच्या उंचीपेक्षा पाठीची लांबी बघायची. मान खाली वाकवा, मागे वर येतं त्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत दुसऱ्या कुणाला शिंप्याच्या टेपने मोजायला सांगा. सॅक चढवताना आधी सगळे पट्टे सैल करा, कमरेचा पट्टा हाडावर बसवून आवळा, मगच खांद्याचे पट्टे ओढा, छातीचा शेवटी. बहुतेक भार कमरेवर यायला हवा. कमरेचा पट्टा पूर्ण आवळूनही ढिला राहत असेल तर ती सॅक तुमची नव्हे. स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू मधल्या उंचीवर पाठीला चिकटून, रेनकोट सर्वांत वर. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकतो आणि संध्याकाळी कंबर धरते. रेन कव्हर असलं तरी पाठीकडून पाणी शिरतं, म्हणून आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. उतारावर अंगठा पुढे आपटला तर नख काळं पडतं, म्हणून बोटांपुढे जागा हवी. माळ्यावर कित्येक वर्षं पडलेले बूट थेट नेऊ नका. पॉलीयुरेथेनचा मधला थर दमटपणाने कुजतो, उष्णतेने ते लवकर होतं, आणि वरून धड दिसणारा तळवा पहिल्याच दिवशी सुटून येतो. जिन्याच्या फेऱ्या त्याच बुटांनी केल्या की दोष इथेच कळतो.

एवढा सराव झाला तरी विरळ हवेची सवय त्यातून होत नाही. तंदुरुस्त माणूस वेगाने चढतो म्हणून उलट धोक्यात येतो. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस धरा. स्टोव्हचं गॅस कार्ट्रिज विमानात नेता येत नाही, रेल्वेतही मनाई आहे. ते पायथ्याच्या शहरात घ्यायचं, म्हणून तिथे अर्धा दिवस हातात ठेवूनच तिकीट काढा.