लेसर टॉर्च घेताना ल्युमेन नको, कँडेला बघा

'लेसर टॉर्च' म्हणतात खरं, पण त्यातून लेसर बाहेर येत नाही. आत साधारण 450 नॅनोमीटरचा निळा लेसर फॉस्फर नावाच्या उजळणाऱ्या पदार्थाच्या इवल्याशा ठिपक्यावर रोखलेला असतो. फॉस्फर त्यातला बराचसा निळा प्रकाश शोषून पिवळा देतो. उरलेला निळा त्यात मिसळला की डोळ्याला पांढरा दिसतो. पांढऱ्या एलईडीतही हेच घडतं. फरक आहे ठिपक्याचा: तो जितका लहान आणि प्रखर, तितका भिंगातून निघणारा झोत अरुंद.

म्हणून ल्युमेनमध्ये, म्हणजे एकूण प्रकाशात, एलईडी सहज पुढे असतो, तरी लांब पोचतो तो लेसरवालाच. अंतर ठरतं कँडेलावर, म्हणजे एका दिशेला झोत किती प्रखर आहे त्यावर. 10 लाख कँडेलाचा झोत कागदावर 2000 मीटर जातो, पण तिथे उरतो फक्त 0.25 लक्स, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. समोर काय आहे हे ओळखायचं असेल तर अंतर निम्मंच धरा. मी त्याहूनही कमी धरतो.

चालायला मात्र एलईडीच हवा. लेसरच्या झोतात पायापुढे ताटलीएवढा गोल उजळतो आणि शेजारचा खड्डा अंधारातच राहतो. धुक्यात तर झोतच पांढऱ्या दांडीसारखा डोळ्यांपुढे उभा राहतो.

टॉर्च जोरात आपटला आणि झोत निळसर दिसू लागला, तर लगेच बंद करा. फॉस्फर तडकला असेल तर आतला निळा लेसर थेट बाहेर येऊ शकतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. त्याचं डोकं घरी उघडू नका.