आजोबांचं जुनं घड्याळ ठेवायचं की विकायचं? ठरवायच्या आधी या चुका टाळा

घरातलं मोठं माणूस गेलं की महिना-दोन महिन्यांनी कपाट आवरायला घेतात आणि मग लॉकरमधून, नाहीतर कागदपत्रांच्या ट्रंकेतून एखादं जुनं घड्याळ निघतं. आपल्याकडे बहुतेक वेळा ते एचएमटी असतं, कधी फेवर ल्युबा, वेस्ट एंड, रोमर, आखातातून कुणी आणलेलं रॅडो किंवा सिको फाइव्ह, आणि नशिबात असेल तर ओमेगा. लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते बाबांची आठवण आहे कशाला विकायचं, दुसरी म्हणते पडून राहण्यापेक्षा चार पैसे येतील. दोन्ही बाजू बरोबर असू शकतात. पण मी आजवर जेवढी जुनी घड्याळं वाया गेलेली बघितली ती विकल्यामुळे नाही गेली, ठेवल्यामुळेही नाही, ठेवायचं की विकायचं हे ठरायच्या आधीच कुणीतरी हौसेने ती "नीट करून" आणली म्हणून गेली. विकलं तर निदान कुणाच्या तरी हातावर चालत राहतं, पण घासलेली केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, आणि रंगवलेली डायल परत पहिल्यासारखी होत नाही.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक: आधी चकाचक करून आणणं

घड्याळ सापडलं की ते घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जातात आणि सांगतात, "जरा नवीन करून द्या." दुकानदार बिचारा सांगितलं तेच करतो. केस बफिंगला लावतो, तिच्या कडा गोल होतात, पट्टा जिथे अडकतो ते चारही पाय बारीक होतात, मागचं कोरलेलं पुसट होतं, आणि डायल पिवळी पडलेली असेल तर ती खरवडून पुन्हा रंगवून मिळते, त्यालाच रीडायल म्हणतात. परदेशातल्या घड्याळं जमवणाऱ्या लोकांत अशा भडक रंगवलेल्या, इकडचे-तिकडचे पार्ट जोडलेल्या जुन्या घड्याळांना "मुंबई स्पेशल" हे नावच पडलंय. आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं याचं वाईट वाटतं, पण ते का पडलं हे समजून घ्या, कारण भारतातून विकायला आलेलं घड्याळ दिसलं की जाणकार आधी त्याच संशयाने बघतो आणि तुमचं घड्याळ अस्सल आहे हे त्याला पटवून देणारी एकच गोष्ट तुमच्याकडे असते, ती म्हणजे त्याची हात न लावलेली जुनी डायल.

मित्राच्या वडिलांचं एक फेवर ल्युबा सी चीफ होतं. मूळ डायल साय धरलेल्या दुधासारखी, कडेला तपकिरी ठिपके, काट्यांवरचं सोनेरी पाणी थोडं उडालेलं. घरच्यांनी प्रेमाने करून आणलं आणि मग भिंगातून बघितलं तर नावाची अक्षरं जाडीभरडी, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, सहाच्या खाली बारीक अक्षरात "स्विस मेड" असायचं ते गायब, आणि पांढरा रंग इतका सपाट की शाळेच्या कंपासपेटीतल्या घड्याळाची आठवण यावी. चालतंय छान, पण वडिलांच्या हातावर जे दिसायचं ते आता त्यात राहिलेलं नाही, आणि घेणाऱ्यालाही नको. म्हणजे आठवण पण गेली आणि किंमत पण गेली.

तर काय करायचं? आहे तसे फोटो काढायचे, दिवसाच्या उजेडात, पुढून, मागून, बाजूने, चावीचं टोक जवळून. मग जुन्या घड्याळांची सवय असलेल्या घड्याळजीकडे जाऊन फक्त मागचं झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो घ्यायचा, कारण खरी ओळख तिथे असते. ओमेगासारख्या घड्याळात मशीनवर सिरियल नंबर आणि कॅलिबर, म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर, असतं, त्यावरून साधारण कुठल्या वर्षाचं ते निघतं. जुन्या सिकोला तर उघडायची पण गरज नाही, मागच्या सहा आकडी नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना. दशक कुठलं ते मॉडेलवरून कळतं. सर्विसिंगला द्यायचं झालं तर पावतीवर मशीनचा नंबर लिहून घ्या आणि शब्दात सांगा, फक्त आतून साफ आणि ऑइलिंग, पॉलिश नाही, डायलला हात नाही, आणि बदललेला पार्ट मला परत. अस्सल पण जुना काटा घड्याळजीच्या खोक्यात पडलेला असतो आणि तो नंतर शोधायला गेलं तर मिळत नाही.

हो, आणि मागे काही कोरलेलं असेल, गिरणीतली पंचवीस वर्षं, रेल्वेची निवृत्ती, लग्नाची तारीख, ते कुणाच्याही सांगण्यावरून घासून काढू नका. ठेवायचं असेल तर तेच तर ठेवायचंय, आणि विकायचं असेल तरी एकदा घासलं की ते परत मिळत नाही.

चालत नाही म्हणून भंगार समजणं

वर्षानुवर्षं पडून असलेलं चावीचं घड्याळ चाललं नाही तर त्यात नवल काहीच नाही, आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. घरोघरी एक समजूत असते की "चावी जास्त दिली म्हणून बंद पडलं." तसं होत नाही, स्प्रिंग पूर्ण भरलेली असते पण सुकलेल्या तेलामुळे चाकं फिरत नाहीत, म्हणून चावी घट्ट लागते. फक्त शेवटाला लागल्यावर जोर लावू नका, तिथे मात्र मोडतं. आणि चाललं तरी रोज चालवून बघू नका, कोरड्या मशीनमध्ये पार्ट एकमेकांवर घासून झिजतात. चालतंय का तेवढं एकदा बघा आणि ठेवून द्या.

बाकीच्या तक्रारी पटकन सांगतो. दिवसाला अर्धा-अर्धा तास पुढे पळत असेल तर बहुतेक वेळा ते मॅग्नेट झालेलं असतं, मोबाइलचा स्पीकर, पर्सचं चुंबकाचं बटण, काहीही पुरतं. साधं होकायंत्र जवळ नेलं आणि सुई हलली तर तेच कारण असू शकतं, घड्याळजी त्याच्याकडच्या यंत्रावर हे चुंबकत्व काही सेकंदात काढून देतो. काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याच दिवशी उघडून घ्या कारण गंज थांबत नाही. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख हाताने बदलू नका, त्या वेळी तारखेचे दाते गुंतलेले असतात. सेलवाल्या क्वार्ट्झ घड्याळात जुना सेल असेल तर आधी तो बाहेर काढा, गळला की सर्किट खातो.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. १९६० च्या दशकाच्या आधीच्या बऱ्याच घड्याळांत अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असायचा. आता चमकत नसलं तरी रेडियम तिथेच आहे, त्याचं अर्ध आयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, चमक गेली ती सोबतच्या रसायनाची. झाकण बंद ठेवून कपाटात असलेल्या घड्याळाने घाबरायचं कारण नाही, पण काच काढून ते पिवळट खरवडणं, फुंकर मारणं, मुलांना खेळायला देणं अजिबात नाही.

किंमत चुकीच्या ठिकाणी बघणं

ऑनलाइन सर्च केलं, कुणीतरी लाखाला लावलंय, झालं, घरात वाटणीची भांडणं सुरू. लावलेला भाव म्हणजे विकलेला भाव नाही. ईबेवर "सोल्ड" हा फिल्टर लावा आणि तेच मॉडेल, तीच डायल, त्याच अवस्थेतलं कितीला गेलं ते बघा, तेही एकच नाही, चार-सहा बघा.

उलटी चूक सोनाराच्या दुकानात होते. सोन्याच्या केसचं घड्याळ नेलं की तो वजन करतो, मशीन बाजूला काढतो आणि सोन्याचा भाव देतो. चांगल्या कंपनीचं असेल तर हा सौदा शक्यतो नकोच, मोडून वितळवल्यावर मागे काहीच उरत नाही. आणि आधी ते सोनं आहे का तेही बघा, मागे "२० मायक्रॉन्स" किंवा "स्टेनलेस स्टील बॅक" लिहिलेलं असेल तर केसवर फक्त सोन्याचं पाणी आहे.

एचएमटीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो कारण सगळ्यात जास्त घरात तेच आहे. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला सुरू झालेली ही घड्याळं, जनता, पायलट, सोना, कोहिनूर, आणि लग्नात देण्यासाठी ज्याच्या वशिल्याच्या गोष्टी सांगतात ते कांचन. २०१६ साली सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला आणि मग लोकांना एकदम प्रेम आलं. पण ही लाखोंनी बनलेली घड्याळं आहेत, साधी जनता विकून कुणाचं आयुष्य बदलणार नाही, आणि बाजारात नवीन छापलेल्या रंगीबेरंगी डायल टाकून जोडलेली इतकी आहेत की भाव अजूनच विस्कटतो. माझं मत विचाराल तर घरचं एकहाती वापरलेलं एचएमटी विकूच नये. जेवढे पैसे येतील तेवढ्यात सर्विसिंग करून ते पुढची कितीतरी वर्षं हातावर राहील.

घरच्यांना न विचारता ठरवणं

घड्याळ आपोआप थोरल्या मुलाकडे जातं ही पद्धत कुणी घातली कुणास ठाऊक. कायद्याने बघाल तर मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर आई, सगळ्यांचा समान हक्क आहे. कायदा बाजूला ठेवा, आईला विचारलंत का? कधी कधी ज्याच्या हातावर घड्याळ असायचं त्याच्यापेक्षा ते रोज सकाळी चावी देऊन टेबलावर ठेवणाऱ्या माणसाचा जीव त्यात जास्त अडकलेला असतो. आणि मुलीला द्या, खरंच द्या. त्या काळातली पुरुषांची घड्याळं ३४-३५ मिलिमीटरची, आजच्या मुलांना लहान वाटतात पण मुलीच्या मनगटावर ती सुंदर दिसतात. दुःख ताजं असताना विकू नका, निदान वर्षश्राद्ध होऊ द्या. विकायचंच ठरलं तर पैशाचं काय करणार ते आधीच सगळ्यांसमोर बोला.

"ठेवलं" म्हणजे ड्रॉवरमध्ये टाकलं

ठेवायचं ठरवून परत त्याच ट्रंकेत टाकणं म्हणजे हळूहळू मारणं. मुंबई-कोकणच्या पावसात चामड्याचा पट्टा बुरसतो आणि तीच ओल केसला लागते, मागच्या बाजूला हिरवट जमतं. पट्टा काढून वेगळा ठेवा, डबीत सिलिका जेलची पुडी, पावसाळ्यात ती बदला, आणि डांबरगोळ्यांच्या कपाटात नको. वापरणार असाल तर आधी सर्विसिंग, मग सणावाराला घाला, घामात आणि नळाखाली नाही, मागे जुन्या काळचं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं तरी नाही. तीन-चार वर्षांनी पुन्हा ऑइलिंग.

विकताना

चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पहिल्याच माणसाला देऊन येऊ नका, दोन-तीन जणांना दाखवा, "मशीन गेलंय, पार्ट मिळत नाहीत" हे प्रत्येकजण म्हणणारच, तेव्हा आधीच घड्याळजीकडून खरी अवस्था कळलेली असू द्या. घड्याळ त्यांच्याकडे "दाखवायला" ठेवून घरी यायचं नाही. बिल, डबी, वडिलांचा ते घातलेला जुना फोटो, सगळं सोबत ठेवा, त्याने भाव वाढतो. ऑनलाइन विकत असाल तर डाग, चरे, बदललेली चावी सगळं फोटोत दाखवा, म्हणजे नंतर परत करायची कटकट नाही, आणि पैसे खात्यात जमा झालेले स्वतः बघितल्याशिवाय कुरियर करू नका, स्क्रीनशॉटवर अजिबात नाही. पणजोबांचं शंभर वर्षांपुढचं खिशातलं घड्याळ असेल तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी वकिलाला विचारा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची वस्तू अडकू शकते आणि ती खाजगी माणसाला बाहेर पाठवता येत नाही. वारशाने मिळालं म्हणून कर लागत नाही, इस्टेट ड्युटी १९८५ सालीच रद्द झाली, पण सोन्याचं किंवा हिरे जडवलेलं घड्याळ मोठ्या रकमेला जात असेल तर विक्रीवरच्या कराचं सीएला आधी विचारा आणि पैसे चेकने किंवा बँकेतूनच घ्या.