नऊ वर्षांनी परत सायकलची फ्रेम बनवायला घेताना

नऊ वर्षांनी नळ्या जोडायचा गॅसचा टॉर्च हातात घेतला आणि डायरेक्ट फ्रेमच करायला बसलो, दोन चांगल्या नळ्या जाळल्या, तर तुम्ही तसं करू नका. आणि मालवणसारख्या ठिकाणी राहत असाल तर दिवाळीनंतरच सुरू करा, पावसाळ्यात फ्लक्सला (तापवताना जॉइंट स्वच्छ ठेवणाऱ्या लेपाला) पाणी सुटतं आणि घासलेल्या नळीवर एका रात्रीत तांबूस गंज चढतो.

आधी माळ्यावरचं सामान खाली काढा. गॅसचे रबरी पाइप वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या की नवीन घ्या, जॉइंटना साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. आता एक महत्त्वाचं, खाऱ्या हवेमुळे आपल्याला दिसेल त्या लोखंडाला तेल लावायची खोड असते, पण ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. जॉइंटमध्ये वितळवायच्या चांदीच्या जुन्या काड्यांमध्ये कॅडमियम असू शकतं, त्याचा धूर विषारी, पाकीट हरवलं असेल तर त्या काड्या वापरूच नका. ४१३० क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) नळ्या उरल्या असतील तर आत बॅटरी मारून बघा, बटेड नळी (टोकांना जाड, मधे पातळ) मधे जेमतेम ०.६ मिमी जाड असते, आत पापुद्रे दिसले की भंगारात.

मग सराव. नळीचे वीतभर तुकडे आणि एखादा लग (नळ्या ज्यात बसवून जोडतात तो सांधा) घ्या, पॉलिश पेपरने चकचकीत करा, नंतर बोट लावू नका. काडी ५६ टक्के चांदीची घ्या, महाग आहे पण ६५० अंशाच्या आसपास वाहते, पितळी काडीला जवळपास ९०० लागतात आणि हात बसलेला नसताना तिथेच नळी जळते. सोनाराकडचा टाकणखार पितळेला चालतो, या चांदीला नाही, कारण तो ७४० च्या पुढे वितळतो आणि तोवर चांदीचं काम बिघडलेलं असतं. चांदीचा वेगळा फ्लक्स मिळतो, त्याचा धूर मात्र वाईट, म्हणून मी सकाळीच पडवीत बसतो, समुद्रावरचा वारा सुटायच्या आधी, सावलीत धातूचा रंगही नीट कळतो.

फ्लक्स आधी फसफसतो, पांढरा होतो, मग पाण्यासारखा नितळ होतो. तेव्हा काडी धातूला टेकवायची, ज्योतीत धरायची नाही, आणि ज्योत पुढे सरकवायची, चांदी उष्णतेच्या मागे पळते. गार झाल्यावर जॉइंट उभा कापा, आत चांदीची रेघ कुठे तुटलेली दिसली तर परत करा. माझे पहिले चार बाद गेले. सलग तीन नीट आले की मगच फ्रेम.

फ्रेम जोडून झाली की गरम पाण्यात फ्लक्स पूर्ण काढा, राहिला तर तिथूनच गंज धरतो. मागच्या एका ड्रॉपआउटपासून (मागच्या चाकाचा आस बसतो ती खाच) हेडट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीला, वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणा, सीटट्यूबपासून (सीटखालच्या उभ्या नळीपासून) दोन्हीकडे अंतर सारखं यायला हवं. आणि प्रायमर त्याच दिवशी मारा, जेवून मारतो म्हणून झोपलात तर संध्याकाळी परत पॉलिश पेपर घेऊन बसाल.