कॉम्प्युटरमुळे गाण्याचा आवाज बिघडतो का? घरच्या घरी कसं तपासावं

चांगला ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले की पुढचा सल्ला हमखास मिळतो: साध्या लॅपटॉपवरून स्ट्रीमिंग करू नका, वेगळा म्युझिक सर्व्हर, म्हणजे फक्त गाणी वाजवण्यासाठीचा खास कॉम्प्युटर, घ्या. अशा सर्व्हरच्या किमती लाखांतही जातात. पैसे मोजण्याआधी एक मोकळी संध्याकाळ काढा आणि खालच्या क्रमाने घरीच तपासा. माझं मत आधीच सांगतो. डिजिटल गाणं म्हणजे आकड्यांची लांब रांग, आणि ते आकडे इकडून तिकडे पोचवताना कॉम्प्युटर आवाज बिघडवत नाही. तो बिघडतो ठरावीक ठिकाणी, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणचा इलाज फुकट आहे.

असं ठामपणे म्हणण्यामागचं कारण समजून घ्या. इंटरनेटवरून गाणं तुकड्यातुकड्यांनी येतं. एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवला जातो, आणि सगळं आधी मेमरीत साठतं. तिथून ते यूएसबीने डॅककडे जातं. डॅक म्हणजे आकड्यांचा विद्युत-संकेत करणारी डबी. आजकालचे बहुतेक यूएसबी डॅक ‘असिंक्रोनस’ पद्धतीने चालतात, म्हणजे वेळेचा ताल डॅकमधलं घड्याळ धरतं आणि कॉम्प्युटर फक्त मागेल तेवढा माल पुरवतो. त्यामुळे सेटिंग्ज नीट असतील तर जुना लॅपटॉप आणि महागडा सर्व्हर डॅकच्या हाती तेच आकडे ठेवतात.

१. आधी शांतता ऐका

ॲम्प्लिफायरचा आवाज रोजच्या पातळीवर ठेवा, गाणं थांबवा आणि कान स्पीकरजवळ न्या. गाणं थांबवणं महत्त्वाचं, कारण जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणात टेपची सरसर मुळातच असते आणि तिचा दोष उगाच लॅपटॉपवर येतो. आता तीन प्रकार ओळखा. हलकी, एकसारखी ‘स्स्स’ बहुधा ॲम्प्लिफायरची असते. ती सोडून द्या. माउस हलवला किंवा पान सरकवलं की बदलणारी किरकिर कॉम्प्युटरच्या आतल्या सर्किटची असते आणि ती हेडफोनच्या भोकातून बाहेर येते. त्यावर हजार-दोन हजारांचा छोटा यूएसबी डॅक बऱ्याचदा पुरतो.

तिसरी म्हणजे जाड, सतत घुमणारी ‘हम्म’. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ही घुमघुम तिचीच. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर चार्जर आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून विजेचा वळसा (ग्राउंड लूप) तयार झाला आहे असं समजा. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरी राहिली आणि दोन्ही यंत्रांना ऑप्टिकलची सोय असेल, तर ती केबल वापरा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून वळसा तिथेच तुटतो. नाहीतर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे आकडे जाऊ देऊन विजेची जोडणी तोडणारी डबी, लावावा लागेल. डिश किंवा केबल टीव्हीची वायर त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेली असेल, तर तीही काढून पाहा. बऱ्याच घरांत खरी गुन्हेगार तीच निघते.

काही जण यावर तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कृपया हे करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नीट पोचत नसण्याची शक्यता मोठी आहे. मग गाणं बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

२. सेटिंग्जमधली लुडबुड बंद करा

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. विंडोजमध्ये साउंडच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचा डॅक निवडा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. खोटा बास आणि खोटा सराउंड तानपुऱ्याची जवारी पार बदलून टाकतात. तिथेच फॉरमॅट दिसतो, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने (दर) आणि प्रत्येक नमुना किती बारकाईने (बिट). विंडोज सगळ्या ॲपचा आवाज एकत्र करून त्या एका दरात बदलते. सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. स्ट्रीमिंगवरचं बहुतेक संगीतही ४४.१ चं असतं, म्हणून ४४.१ आणि २४ बिट ठेवा. ॲपमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ (डॅक फक्त त्या ॲपच्या ताब्यात देणारी सोय) असेल तर तो चालू करा, मग हे मिश्रण टळतं. मॅकवर हा दर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये स्वतः ठरवावा लागतो. दर बदलल्याचा फरक दर वेळी कानाला कळेलच असं नाही. एन्हान्समेंट्सचा मात्र नक्की कळतो.

मग ॲप उघडा. ॲपल म्युझिकमध्ये लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं गाणं, सेटिंगमधून चालू करावं लागतं, नाहीतर २५६ केबीपीएसचं (सेकंदाला २५६ किलोबिट) एएसी, म्हणजे काही तपशील गाळून लहान केलेलं गाणं, ऐकू येतं. सीडीचा प्रवाह १४११ केबीपीएसचा असतो. स्पॉटिफायमध्ये आवाजाची पातळी ‘लाउड’वर असेल तर ती ‘नॉर्मल’ करा, कारण ‘लाउड’मध्ये तबल्याची थाप दाबली जाऊ शकते. ब्राउझरपेक्षा ॲप बरं.

ब्लूटूथने जोडत असाल तर गाण्याची माहिती पुन्हा एकदा दाबून लहान केली जाते. ब्लूटूथ हेडफोनचा माइक एखाद्या मीटिंगच्या ॲपने धरून ठेवला असेल, तर गाणं थेट फोनवर बोलल्यासारखं होतं. शक्य तिथे वायर लावा.

३. मध्येच तडतड होत असेल तर

वायफाय कमी पडला तर गाणं थांबतं. गाणं चालू असताना तडतड होत असेल, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा, म्हणजे कॉम्प्युटरचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, असतो. वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर अद्ययावत करा, ॲपमध्ये बफर (आधी साठवून ठेवायचा माल) वाढवा. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हा मोफत प्रोग्राम दोषी ड्रायव्हरचं नाव दाखवतो.

४. पंख्याचं काय?

मंद्रातली आलापी चालू असताना लॅपटॉपचा पंखा घोंगावत असेल, तर तोही आवाजाचा बिघाडच. लॅपटॉप दूर ठेवून लांब यूएसबी केबल ओढण्यापेक्षा बिनपंख्याचा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर), त्यावर व्होल्युमिओ किंवा मूड हे गाणी वाजवणारं मोफत सॉफ्टवेअर, आणि यूएसबी डॅक ही जोडी मला जास्त पटते. काही रास्पबेरी पायवर ३.५ मिमीचं भोक असतं, ते मात्र वापरू नका. त्याचा आवाज सुमार असतो.

५. आता डोळे झाकून तुलना

तरीही सर्व्हर खुणावत असेल, तर दुकानातून तो ट्रायलवर मागा. दोन्ही यंत्रं एकाच डॅकला जोडा, दोन्हींवर व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि ॲम्प्लिफायरचं बटण हलवू नका. हे कटाक्षाने पाळा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘भरदार’ वाटतो. दोन्हींवर एकच ध्वनिमुद्रण लावा: तानपुरा ठळक असलेलं, तबल्याचे बोल सुटे ऐकू येणारं. घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून, तुम्हाला न दाखवता यंत्र निवडायला सांगा. १६ वेळा ओळखा. निव्वळ अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. तेवढे आले, तर त्या दोन यंत्रांत खरंच काही वेगळं घडतं आहे. पायरी १ आणि २ पुन्हा करून ते शोधा. नाही आले, तर सर्व्हर परत करा आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावा.